स्क्रू फिरवून मिसिंग जात नाही

जुन्या पेट्रोल गाडीचे इंजिन ॲक्सिलरेटरवर पाय नसताना थरथरू लागले, मधूनच ठोका चुकवू लागले किंवा सिग्नलला बंद पडू लागले, की बहुतेक गॅरेजांत त्यावर ठरलेला उपाय होतो. थ्रॉटलचा स्क्रू अर्धा फेरा आवळला जातो, इंजिनाचे फेरे वाढतात, थरथर कमी झाल्यासारखी वाटते आणि आयडलिंग सेट झाले म्हणून गाडी मालकाच्या हाती दिली जाते. तेवढ्याने भागले नाही तर कार्बोरेटर उघडून धुतला जातो. त्यानेही भागले नाही तर प्लग, वायरी, कॅप आणि रोटर असा सगळा संच बदलला जातो. शेवटी ‘गाडी जुनी आहे, एवढे चालायचेच’ असा निकाल मिळतो. या पद्धतीत बिघाड कुठे आहे हा प्रश्न एकदाही विचारला जात नाही, हा तिचा मूळ दोष. तिची पहिली पायरी तर उपाय म्हणण्याच्या लायकीचीच नाही, कारण ती बिघाड झाकते आणि पुढच्या तपासाची वाटही बिघडवते.

आयडलिंग ही इंजिनाची सर्वांत नाजूक अवस्था आहे. थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद असते, आत जाणारी हवा अगदी थोडी असते आणि त्या थोड्या हवेत मोजून मिसळलेले पेट्रोल जाळून इंजिनाला फक्त स्वतःचे घर्षण आणि डायनॅमोचा भार ओढायचा असतो. महाराष्ट्रात आजही रस्त्यावर दिसणारी जुनी मारुती ८०० घ्यावी. तिचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आसपास प्रत्येक सिलिंडर सेकंदाला साडेसात वेळा पेटतो आणि क्रँकशाफ्टला दर २४० अंशांवर एक धक्का मिळतो. त्यांतला एक सिलिंडर पेटेनासा झाला तर एका जागी ते अंतर ४८० अंशांचे होते. हीच ती ‘मिसिंग’ची थरथर. वेगात फ्लायव्हीलची गती हा खड्डा बऱ्याच अंशी भरून काढते. स्लोवर तेवढी गती साठलेली नसते, म्हणून तोच दोष उघडा पडतो. आयडलिंगला दिसणारा दोष आयडलिंगपुरताच असतो हा समज त्यामुळे टिकत नाही. तो पूर्ण वेळ तिथेच असतो, पेट्रोल खात असतो आणि पुष्कळदा इंजिनाचे नुकसानही करत असतो.

‘जुनी गाडी थरथरणारच’ या निकालात एक अर्धसत्य आहे, आणि म्हणूनच तो खोडून काढणे अवघड जाते. तीन सिलिंडरच्या इंजिनाची रचनाच अशी असते की दोन्ही टोकांचे पिस्टन एकमेकांशी समतोल राखत नाहीत आणि इंजिन पुढे-मागे डोलते. हे डोलणे नव्या गाडीतही होते. ते गाडीत जाणवू नये म्हणून इंजिन रबरी फाउंडेशनवर बसवलेले असते. दहा-पंधरा वर्षांत हे रबर कडक होते, तडकते किंवा बसते आणि तीच जुनी डोल स्टिअरिंगपर्यंत पोचते. पण ही थरथर एकसारखी असते. ठोका चुकवणाऱ्या इंजिनाची थरथर अनियमित असते, तिच्यात मधूनच हिसका असतो. फरक ओळखायला यंत्र लागत नाही. सायलेन्सरच्या तोंडासमोर कागद धरावा. कागद एका तालात फडफडत असेल आणि तरीही गाडी हलत असेल तर इंजिन बरोबर चालले आहे, फाउंडेशन पाहावे. फडफड अडखळत असेल किंवा कागद मधूनच तोंडाकडे ओढला जात असेल, तर एखादा सिलिंडर काम करत नाही किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही. वय हे या दोन्हींतल्या कशाचेही कारण नाही. झिजलेला, फाटलेला, सैल झालेला नेमका भाग हेच कारण असते, आणि तो भाग सापडतो.

आता स्क्रूकडे. कार्बोरेटरमध्ये आयडलिंगचे पेट्रोल एका वेगळ्या बारीक वाटेने येते. पायलट जेटमधून मोजलेले पेट्रोल थोड्या हवेत मिसळून थ्रॉटलच्या चकतीखालच्या छिद्रातून मॅनिफोल्डमध्ये ओढले जाते, आणि या छिद्रावर मिक्श्चरच्या स्क्रूचा ताबा असतो. त्याच्या किंचित वर आणखी एक-दोन छिद्रे असतात. पाय देताना मुख्य जेट सुरू होईपर्यंतची दरी भरून काढणे हे त्यांचे काम. थ्रॉटलचा स्क्रू आवळला की चकती उघडते आणि ही वरची छिद्रे आयडलिंगलाच व्हॅक्यूमखाली येतात. पेट्रोल तिथून वाहू लागते आणि मिक्श्चरच्या स्क्रूचा ताबा सुटतो. ‘मिक्श्चरचा स्क्रू कितीही फिरवा, फरकच पडत नाही’ ही तक्रार अशा गाड्यांत नेहमीची असते. तिचे कारण आधी आवळलेला दुसरा स्क्रू असतो. पुढचे परिणाम ओळीने येतात. पाय देताना क्षणभर इंजिन गुदमरते, कारण दरी भरायची सोय आधीच खर्ची पडलेली असते. पाय काढल्यावर गाडी लवकर मंदावत नाही. चावी बंद केल्यावरही इंजिन काही फेरे धडधडत राहते, कारण उघड्या थ्रॉटलमधून मिश्रण आत जातच राहते आणि तापलेल्या कार्बनवर पेटते. मालक मग या तीन नव्या तक्रारी घेऊन परत येतो, आणि मूळचा चुकणारा ठोका जिथल्या तिथे असतो.

प्लगचा संच बदलण्याच्या बाजूने असे म्हटले जाते की प्लग स्वस्त आहेत, बदलून पाहण्यात काय बिघडते? बिघडते ते असे की जुन्या प्लगांवर लिहिलेला पुरावा कचऱ्यात जातो. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला तेलकट काळेपणा म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह गाईडमधून येणारे ऑईल. पांढरट, भाजलेले टोक म्हणजे पेट्रोल कमी किंवा उष्णता जास्त. फिक्कट तपकिरी म्हणजे ठीक. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्लग एकमेकांशी ताडून पाहायचे असतात. तीनही सारखे काळे असतील तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या भागात आहे. दोन तपकिरी आणि एक काळा ओला असेल तर दोष त्या एका सिलिंडरपाशी आहे. क्रमांक न लावता प्लग काढून ट्रेमध्ये टाकले की ही माहिती कायमची गेली. नवे प्लग बसवल्यावर इंजिन आठवडाभर बरे चालते, कारण नवा प्लग अशक्त मिश्रणही काही दिवस पेटवतो. मग तोही काळा होतो.

सगळ्या तपासाचा पहिला प्रश्न एकच आहे: दोष एका सिलिंडरचा की सगळ्यांचा? त्याचे उत्तर काही मिनिटांत मिळते. इंजिन गरम करून स्लोवर ठेवावे आणि एकेका प्लगची वायर इन्सुलेशनच्या पकडीने काढून फेरे किती उतरतात ते पाहावे. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन स्पष्ट खाली बसते. ज्याची वायर काढूनही काही फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. काढलेली वायर हवेत लटकत ठेवू नये. तिचे टोक इंजिनाच्या धातूला लागून राहील असे पाहावे, नाहीतर करंटला वाट न मिळाल्याने कॉईल किंवा इलेक्ट्रॉनिक मोड्यूल खराब होऊ शकते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत ही चाचणी काही सेकंदांपलीकडे लांबवू नये, कारण न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून तो जास्त तापतो. कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर असलेल्या एमपीएफआय गाडीत प्लगच्या वायरीऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढणे बरे. त्यात पेट्रोलच जात नाही. ही चाचणी केल्याशिवाय पाना हातात घेणे हे निव्वळ अंदाजावर चालणे आहे, आणि अंदाजाचे पैसे मालकाने भरायचे असतात.

एकच सिलिंडर मरत असेल तर कार्बोरेटर निर्दोष आहे. तिन्ही सिलिंडर त्याच कार्बोरेटरचे मिश्रण पितात. तो एकावरच अन्याय करू शकत नाही. तरीही एका सिलिंडरच्या मिसिंगसाठी कार्बोरेटर धुतला जातो, इतकी ही सवय खोल गेली आहे. अशा वेळी पाहण्याच्या गोष्टी मोजक्या असतात. त्या प्लगला करंट जातो का, वायरीत तुटण आहे का, कॅपच्या आत बारीक काळी रेघ उमटून करंट शेजारच्या खांबाकडे पळतो का. पावसाळ्यात सकाळी मिसिंग आणि दुपारी ठीक, असे असेल तर कॅप आणि वायरींवर पहिला संशय घ्यावा. शंकेचा प्लग आणि त्याची वायर शेजारच्या सिलिंडरला लावून पाहावी. मिसिंग त्यांच्याबरोबर सरकले तर दोष त्यांचा. जागीच राहिले तर दोष आत आहे.

आत म्हणजे कॉम्प्रेशन. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून, चांगल्या बॅटरीवर स्टार्टर फिरवून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. एखादा इतरांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर तो संशयित. त्यात चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा गेल्या. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर त्यांच्यामधले पॅकिंग जळले असण्याची शक्यता मोठी.

इथे टॅपेटविषयी थोडे थांबायला हवे, कारण याबाबतीत रूढ समज उलटा आहे. टॅपेट वाजू लागले की मालक घाबरतो आणि मेकॅनिक ते आवळून आवाज बंद करतो. पण वाजणारा टॅपेट सैल असतो आणि सैल टॅपेटने व्हॉल्व्ह निदान पूर्ण बसतो. घट्ट टॅपेट आवाज करत नाही. त्याचा व्हॉल्व्ह गरम होऊन लांबला की सीटवर पूर्ण टेकत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह असेल तर जळता वायू त्या फटीतून सुसाटत जाऊन त्याची कड जाळतो. व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटला टेकलेल्या काळातच बाहेर जाते, आणि ही वाट बंद झाली की जळणे वेगाने वाढते. शांत चालणारे पण गरम झाल्यावर स्लोवर ठोका चुकवणारे इंजिन हे घट्ट टॅपेटचे ठळक लक्षण आहे. वापराने सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेट आपोआप घट्ट होत जातो. भारतात २००० साली शिशाचे पेट्रोल बंद झाल्यावर ज्या जुन्या इंजिनांच्या सीट थेट बीड लोखंडाच्या हेडमध्ये कातलेल्या होत्या त्यांना हा त्रास जास्त होण्यासारखा होता, कारण शिशाचा थर सीट वाचवत असे. सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांतही हीच झीज जलद होते. अशा गाडीचे टॅपेट आवाजाची वाट न पाहता, फीलर गेजने, पुस्तिकेत दिलेल्या थंड किंवा गरम स्थितीत तपासायला हवेत. त्या कामाला फारसा खर्च नाही, आणि तेच सर्वांत जास्त टाळले जाते.

दोष सगळ्या सिलिंडरांचा असेल, तर पहिला संशय पेट्रोलवर घेण्याची घाई होते. तो हवेवर घ्यायला हवा. आयडलिंगला मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या निम्म्याहूनही कमी असतो आणि पॅकिंगच्या प्रत्येक फटीतून, प्रत्येक तडकलेल्या नळीतून हवा पूर्ण जोराने आत ओढली जाते. ढोबळ हिशेब करून पाहावा. ७९६ सीसीचे इंजिन ९०० फेऱ्यांवर मिनिटाला साधारण १३० लिटर हवा घेते. दोन मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून अशा व्हॅक्यूमला मिनिटाला तीसेक लिटर हवा घुसते. म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा हवा कार्बोरेटरला न विचारता येते आणि तिच्यासाठी पेट्रोल मोजलेलेच नसते. ३००० फेऱ्यांवर अर्ध्या थ्रॉटलला इंजिन मिनिटाला आठशे लिटरांच्या पुढे हवा घेते. तिथे तेच छिद्र तीन टक्क्यांच्या आसपास उरते. ‘पळताना मस्त चालते, स्लोवरच रडते’ या तक्रारीचा उलगडा यात आहे. उलट, स्लोवर ठीक पण चढणीला भार आल्यावर ठोके चुकत असतील तर प्लग, कॉईल, करंट यांच्याकडे पाहावे, कारण भरगच्च दाबाखाली ठिणगी उडवणे जास्त अवघड असते. मालकाने ही एवढी एक गोष्ट नीट सांगितली आणि मेकॅनिकने ती नीट ऐकली, तर अर्धे निदान तिथेच होते.

हवा शिरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. कार्बोरेटरखालचे पॅकिंग आणि फायबरचा तुकडा, मॅनिफोल्डचे पॅकिंग, ब्रेक बूस्टरची नळी, क्रँककेसच्या वाफा नेणारी नळी आणि तिचा व्हॉल्व्ह, डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा पडदा आणि थ्रॉटलच्या दांड्याची झिजलेली बुशे. ब्रेक दाबल्यावर स्लो बदलत असेल तर बूस्टरचा पडदा पाहावा. नळ्या एकेक करून चिमटीत दाबाव्यात. एखादी दाबताच इंजिन सावरले तर गळती त्या नळीत किंवा तिच्या पलीकडे आहे. थ्रॉटलचा दांडा बोटाने वर-खाली हलवून पाहावा. तो हलत असेल तर कार्बोरेटर कितीही वेळा धुतला तरी स्लो एका जागी राहणार नाही, कारण चकती प्रत्येक वेळी वेगळ्या जागी बसते. काही ठिकाणी गळती शोधायला चालू इंजिनावर पेट्रोलचे थेंब टाकतात. हा प्रकार ताबडतोब थांबायला हवा. शेजारी तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि करंट सोडणाऱ्या वायरी असताना आग लागायला काही वेळ लागत नाही. साबणाचे पाणी पॅकिंगच्या कडेने हलकेच फवारले तरी फट काही क्षण बुजते आणि इंजिनाचा सूर बदलतो. सोय असेल तिथे मॅनिफोल्डमध्ये धूर सोडून तो कुठून निघतो ते पाहण्याची पद्धत सर्वांत खात्रीची.

व्हॅक्यूम गेज हे या कामातले सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. समुद्रसपाटीवर धडधाकट इंजिन स्लोवर साधारण ४३० ते ५३० मिलिमीटर पाऱ्याचा स्थिर व्हॅक्यूम दाखवते. काटा स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे पडले आहे किंवा हवा शिरते आहे. काटा ठरावीक तालाने एकाच जागी घसरत असेल तर एक व्हॉल्व्ह जळला आहे किंवा एक सिलिंडर चुकतो आहे. स्लोवर काटा भराभर थरथरत असेल आणि फेरे वाढवताच शांत होत असेल तर व्हॉल्व्ह गाईड झिजले आहेत. काटा सावकाश वर-खाली तरंगत असेल तर मिश्रणाचा दोष. आकडे वाचताना उंचीचे भान हवे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. तिथे हाच आकडा पन्नासेक मिलिमीटरने खाली असणे स्वाभाविक आहे. महाबळेश्वरला तो शंभराहूनही जास्त मिलिमीटरने उतरतो, आणि मुंबईत बेतलेले कार्बोरेटरचे मिश्रणही तिथे पेट्रोलाकडे झुकते. घाट चढून गेल्यावर स्लो जड झाला म्हणून तिथल्या तिथे स्क्रू फिरवू नये.

टायमिंग टायमिंग लाईटनेच पाहावे, कानाने नाही. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमिअर पद्मिनीसारख्या सीबी पॉईंटच्या गाड्यांत पॉईंटची फट बदलली की टायमिंगही बदलते, म्हणून आधी फट आणि मग टायमिंग. डिस्ट्रिब्युटरचा दांडा बुशमध्ये सैल झाला असेल तर ही फट प्रत्येक फेऱ्याला वेगळी पडते; अशा गाडीत नवे पॉईंट आणि नवा कंडेन्सर बसवूनही स्लो डळमळत राहतो.

इतके झाल्यावरच कार्बोरेटर. त्याची तपासणी गरजेची असते हे मान्य करायलाच हवे. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पायलट जेट चिकट राळेने बुजते, आणि तेव्हा स्वच्छता हाच इलाज असतो. आक्षेप धुण्याच्या पद्धतीवर आहे. जेटमध्ये तांब्याची किंवा लोखंडी तार घालून ते साफ करण्याची सवय सर्रास आहे. जेटचे छिद्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या मापात केलेले असते. तारेच्या ओरखड्याने ते बदलते आणि ते मूळ मापावर पुन्हा आणता येत नाही. जेट द्रावणात भिजवून हवेच्या झोताने साफ करावे. मिक्श्चरचा स्क्रू पूर्ण आवळून दाबला की त्याच्या टोकावर खाच पडते आणि मग बारीक सेटिंग होत नाही. उघडण्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी. मारुतीच्या कार्बोरेटरवर पायलटचे पेट्रोल चावीबरोबर सुरू-बंद करणारा सोलनॉइड असतो. त्याची वायर निसटली तर इंजिन स्लो धरतच नाही, पाय दिला तरच चालते. चावी फिरवल्यावर त्याचा ‘टिक’ आवाज येतो का हे ऐकायला क्षणभर लागतो. चोक पूर्ण आत गेला आहे का, हेही पाहावे. सेटिंग शेवटी, इंजिन पूर्ण गरम असताना, एअर फिल्टर बसवून, दिवे बंद ठेवून आणि रेडिएटरचा पंखा थांबलेला असताना करावे: थ्रॉटलच्या स्क्रूने पुस्तिकेतले फेरे धरावेत, मिक्श्चरच्या स्क्रूने फेरे सर्वांत चढतील ती जागा शोधावी आणि पुन्हा फेरे खाली आणावेत.

पीयूसीमुळे या प्रकरणात एक वेगळाच घोळ झाला आहे. पेट्रोल गाडीची ही तपासणी आयडलिंगलाच होते. भारत स्टेज २ पूर्वीच्या चारचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. भारत स्टेज २ आणि ३ च्या गाड्यांसाठी ती अनुक्रमे ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. तपासणीआधी मिक्श्चरचा स्क्रू आवळून पेट्रोल कमी केले की मोनॉक्साइड उतरतो आणि गाडी पास होते. पण फार पातळ मिश्रण पेटत नाही. ठोके चुकतात आणि न जळलेले पेट्रोल तसेच बाहेर पडते. त्यामुळे पासाची चिठ्ठी खिशात ठेवून गाडी थरथरत घरी जाते. खरे तर हीच चिठ्ठी निदानाचे साधन आहे. मोनॉक्साइड जास्त असेल तर पेट्रोल जास्त. मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन जास्त असेल तर कुठेतरी मिश्रण पेटतच नाही: करंट, व्हॉल्व्ह किंवा शिरणारी हवा. हे दोन आकडे जवळपास प्रत्येक मालकाकडे असतात आणि ते वाचले जात नाहीत.

अलीकडे प्रत्येक थरथरीचा दोष पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलला देण्याची प्रथा पडली आहे. या आरोपातही तथ्य आहे, पण ते मोजून घ्यायला हवे. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला ती साडेतेरा पटींच्या आसपास लागते. जुन्या पेट्रोलवर बेतलेला कार्बोरेटर हवा-इंधनाचे प्रमाण बदलत नाही, म्हणून मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होते. आधीच काठावर असलेल्या आयडलिंगला एवढे पुरते. इथेनॉल पाणी शोषते, जुन्या नळ्यांचे आणि डायफ्रामचे रबर फुगवते किंवा कडक करते, हेही खरे. त्यावर मिक्श्चरचे सेटिंग, गरज पडल्यास एक माप मोठे पायलट जेट आणि नव्या नळ्या हे नेमके उपाय आहेत. पण इथेनॉल सगळ्या सिलिंडरांत सारखेच जाते. तीनपैकी एकच सिलिंडर मरत असेल तर पेट्रोल पंपावर खापर फोडून काही साधत नाही. हा आरोप ज्या गाड्यांवर सर्रास लावला जातो त्यांत जळालेले व्हॉल्व्ह आणि तडकलेल्या कॅपा तशाच राहून जातात.

एमपीएफआय आल्यावर ही सगळी जुनी विद्या कालबाह्य झाली, स्कॅनर लावला की बिघाड कळतो, असेही ठामपणे सांगितले जाते. मारुती ८०० ला ही प्रणाली २००० सालच्या सुमारास मिळाली. भारतात गाडीतल्या स्वयंनिदानाची सक्ती मात्र २०१० पासून आली आणि तिचा दुसरा, कडक टप्पा २०१३ पासून. म्हणजे आज ‘जुन्या’ म्हणवणाऱ्या पुष्कळ एमपीएफआय गाड्यांना चुकलेला ठोका ओळखताच येत नाही. ज्या ओळखतात त्यांचा कोडही लक्षण सांगतो, कारण नाही. ‘पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर’ या कोडमागे प्लग, कॉईल, इंजेक्टर, टॅपेट यांपैकी काहीही असू शकते. त्याहून फसवी गोष्ट अशी की सिलिंडर पेटला नाही तर त्यातला न वापरलेला ऑक्सिजन जसाच्या तसा ऑक्सिजन सेन्सरपाशी पोचतो. सेन्सर त्याला ‘मिश्रण पातळ आहे’ असे वाचतो आणि संगणक पेट्रोल वाढवतो. दोष एका वायरीचा, आणि बदलला जातो सेन्सर. मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल ठरवणाऱ्या गाड्यांत शिरणारी हवाही मोजली जाते, म्हणून गळतीने मिश्रण पातळ न होता फेरे वाढतात किंवा वर-खाली होत राहतात. आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या गाड्यांत तीच गळती मिश्रण पातळ करते. हे ठाऊक नसेल तर कोडवाचन उपयोगाचे नाही.

या गाड्यांतही थ्रॉटलचा स्क्रू फिरवला जातो, आणि इथे नुकसान जास्त होते. तो स्क्रू कारखान्यात चकतीची बंद जागा ठरवण्यासाठी बसवलेला असतो. तो हलला की थ्रॉटल पूर्ण बंद झाला आहे हे संगणकाला नीट कळत नाही आणि आयडलिंगचा ताबा तो घेत नाही. या गाड्यांत स्लो बिघडण्याचे नेहमीचे कारण साधे असते: थ्रॉटलच्या चकतीच्या कडेला आणि आयडलिंगची हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर साचलेला कार्बन. तो पुसून काढला आणि नळ्या तपासल्या तर पुष्कळ गाड्या सुरळीत होतात. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर काळा धूर व जड स्लो असेल तर पाण्याच्या तापमानाचा सेन्सर इंजिन थंडच असल्याचे सांगत असतो. त्याचा रोध मोजून खात्री करता येते.

गॅरेजवाल्यांचा शेवटचा आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप पैशाचा आहे. गिऱ्हाईक पार्टचे पैसे देते, तपासाचे देत नाही. तासभर गेज लावून बसलो आणि शेवटी दोन बोटांची नळी बदलली तर बिल कशाचे करायचे? हा प्रश्न खरा आहे आणि त्याची जबाबदारी मालकांवरही येते. जो मालक नव्या प्लगच्या डबीचे पैसे निमूट देतो आणि कॉम्प्रेशन तपासण्याच्या मजुरीवर घासाघीस करतो, तो मेकॅनिकला डबी विकायलाच शिकवतो. यावर गॅरेजने तपासणी ही बिलातली वेगळी ओळ करावी: प्रत्येक सिलिंडरचे फेरे किती उतरले, कॉम्प्रेशन किती, व्हॅक्यूम किती, टायमिंग किती, टॅपेटची फट किती. हे आकडे लिहून मालकाला द्यावेत आणि काढलेला जुना पार्टही द्यावा. मालकाने ती चिठ्ठी पीयूसीच्या चिठ्ठीशेजारी गाडीत ठेवावी. पुढच्या वर्षी तिसऱ्या सिलिंडरचा दाब खाली आला तर तो किती खाली आला हे कळायला मागचा आकडा हाताशी असेल, आणि दुसऱ्या गावातल्या अनोळखी मेकॅनिकलाही तपास पहिल्यापासून करावा लागणार नाही.